वडील गेल्यानंतरचे वर्ष आणि सोबत राहिलेले मित्र

चिंचेची सावली (सांगली)

वडील गेल्यावर पहिले तेरा दिवस काय करायचे, हे आपल्या समाजाला नेमके ठाऊक असते. तिरडीचे सामान कुठे मिळते इथपासून उत्तरकार्याला किती पाने होतील इथपर्यंत सगळे सांगणारी माणसे दारात उभी असतात. त्या दिवसांत घरच्यांना स्वतः विचार करावा लागत नाही, आणि रीतींची ही फार मोठी सोय आहे असे मला आता अनुभवाने वाटते. खरा प्रश्न चौदाव्या दिवशी सुरू होतो. सतरंज्या परत जातात, पाहुणे आपापल्या गावी जातात आणि घरात आई व आपण एवढेच उरतो. त्यानंतरच्या वर्षात माझ्या मैत्रिणींनी आणि वडिलांच्या मित्रांनी जे केले ते लिहून ठेवावे आणि तुम्हा सर्वांचेही अनुभव विचारावेत, म्हणून हा धागा काढते आहे.

माझे वडील एस. टी. च्या आगारातून प्रमुख कारागीर म्हणून निवृत्त झाले होते. हृदयविकाराच्या झटक्याने ते पहाटे घरीच गेले. डॉक्टर येऊन गेल्यावर मी पहिला फोन केला तो औषधांचे दुकान चालवणाऱ्या माझ्या मैत्रिणीला. "निघाले" एवढे म्हणून तिने फोन ठेवला नाही. पंखा बंद कर, डोक्याखाली उशी दे, पापण्या मिटवून त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेव, असे एकेक सांगत ती बोलत राहिली. वडिलांनी नेत्रदानाचा अर्ज भरलेला होता आणि नेत्रदान मृत्यूनंतर सहा तासांच्या आत व्हावे लागते, हे त्या क्षणी तिला आठवले. मला ते आठवणे शक्यच नव्हते. नेत्रपेढीची माणसे आली तेव्हा सही करायला माझ्याशेजारी तीच उभी होती.

दुसरी गोष्ट आईची आहे आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. शिरोळ तालुक्यातले हेरवाड आमच्यापासून फार लांब नाही. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले, हे आमच्या घरात सर्वांनी वर्तमानपत्रात वाचले होते. पण वाचलेले असणे वेगळे आणि अंगणात तिरडी बांधली जात असताना चार वयस्कर बायकांना थांबवणे वेगळे. इचलकरंजीची माझी मैत्रीण शिक्षिका आहे. तिने कोणाशीही वाद घातला नाही. ती आतल्या खोलीत जाऊन माझ्या आत्याजवळ बसली आणि बराच वेळ हळू आवाजात बोलत राहिली. बाहेर आल्यावर आत्या थेट आईजवळ जाऊन बसली, आईच्या मनगटावर तिने स्वतःचा हात ठेवला आणि म्हणाली, "वहिनीच्या बांगड्यांना कुणी हात लावायचा नाही. माझ्या भावानं हौसेनं भरलेल्या आहेत त्या." त्यानंतर कोणी पुढे आले नाही. आईच्या कपाळावर आजही कुंकू आहे. अग्नी मी दिला आणि त्याबद्दलही कोणी चकार शब्द काढला नाही. आत्याने एकदा ठरवल्यावर बाकीच्यांना बोलायला जागाच उरली नव्हती.

आता चौदाव्या दिवसाविषयी. "काही लागलं तर सांग" हे वाक्य मला त्या काळात अनेकांनी ऐकवले. सगळ्यांच्या मनात चांगलेच होते, परंतु काय लागते आहे हे शोधून काढण्याची ताकद वडील नुकतेच गेलेल्या माणसाजवळ नसते. माझ्या मैत्रिणींनी ते वाक्य कधीच वापरले नाही. "गुरुवारी मी चक्कीवर जाणार आहे, तुमचे गव्हाचे आणि ज्वारीचे डबे बाहेर काढून ठेव," असे त्या म्हणत. एकीने आईला रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला फोन करण्याचे ठरवून घेतले, कारण त्या वेळी वडील कट्ट्यावरून परत येत आणि आईचे लक्ष दाराकडे लागलेले असे. ती माझी चौकशी करत नसे, वडिलांची आठवणही काढत नसे. मेथी कशी निवडली, आज पाणी किती वेळ आले, असल्याच गप्पा असत. पण ती वेळ टळून जात असे.

वडिलांचे मित्र हा मात्र माझ्या दृष्टीने संपूर्ण नवा अनुभव होता. आयर्विन पुलाजवळ घाटावर बसणारी ही निवृत्त चालक, वाहक आणि कारागीर मंडळी. अंत्यविधीला ती होती, पण गर्दीत मागे उभी होती. कार्य उरकल्यावर एका रविवारी सगळे मिळून घरी आले, चहा घेतला आणि मग बोलू लागले. घाटात बंद पडलेल्या गाडीजवळ वडील कसे पोहोचत, लांब स्क्रू ड्रायव्हरचे एक टोक इंजिनावर टेकवून दुसरे कानाला लावून डोळे कसे मिटून घेत, आणि थोड्या वेळाने कोणते बेअरिंग गेले आहे ते कसे सांगत, हे एका चालककाकांनी उभे राहून करून दाखवले. २००५ च्या महापुरात पाणी चढत असताना रात्रभर गाड्या उंचावर नेऊन लावणाऱ्यांत वडील होते, हे मला तोवर माहीत नव्हते. घरी ते फार कमी बोलत. आगारात शिकाऊ मुलांना तेच तासन्‌तास समजावून सांगत असत, असे त्या दिवशी कळले. माणूस गेल्यावर त्याच्याविषयी नवे काही कळण्याची वाट बंद होते, असा माझा समज होता. या मंडळींमुळे ती उघडी राहिली आणि आजही उघडी आहे, कारण ती महिन्यातून एकदा तरी येतात आणि आई त्यांच्यासाठी कांदेपोहे करते.

दिवाळीत आमच्याकडे तळण नव्हते. शेजारच्या घरांतून फराळ आला, तसाच वडिलांच्या मित्रांच्या घरूनही आला. एका काकूंनी वेगळ्या डब्यात बिनसाखरेचे लाडू पाठवले होते. आईला मधुमेह आहे, हे वडिलांनी कधीतरी कट्ट्यावर सांगितले असणार.

ज्याने अधिक त्रास झाला तेही सांगते. "रडू नकोस, आईकडे बघ" आणि "आता तूच मुलगा हो" ही दोन वाक्ये. मुलगी म्हणून रडण्याची आणि मुलगी म्हणूनच सगळे करण्याची मला मुभा हवी होती.

तुमचे वडील गेले तेव्हा मित्रांनी काय केले, कशाने आधार वाटला आणि कशाने नाही, हे जरूर लिहावे.

माळरान (लातूर जिल्हा)

ताई, आत्याचा प्रसंग वाचून थांबावे लागले. माझे वडील जून महिन्यात, ऐन मृगाच्या तोंडावर गेले. आमची शेती कोरडवाहू आहे. पहिला चांगला पाऊस पडून गेल्यावर वापसा येतो, आणि त्या चार-पाच दिवसांत पेरणी झाली नाही तर वर्ष हातचे जाते. मी सुतकात होतो, डोके चालत नव्हते आणि पेरणीचा विषय घरात कोणी काढत नव्हते. दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी माझे तीन मित्र आले आणि ओट्यावर बसून म्हणाले, "पेरून घेतलं. चार तासं सोयाबीन, दोन तासं तूर, काकांची पद्धत मोडली नाही." बियाणे त्यांनी स्वतःच्या घरचे वापरले होते, ट्रॅक्टर त्यांचा होता आणि मला विचारलेही नव्हते. विचारले असते तर मी नाहीच म्हणालो असतो.

आमच्याकडे पुरुष माणसे दुःखाविषयी फारसे बोलत नाहीत. मित्र संध्याकाळी बांधावर येऊन बसत, तंबाखू मळत आणि अंधार पडला की उठून जात. शहरातल्या कोणाला हे अपुरे वाटेल, पण ते नसते तर मी त्या काळात शेताकडे फिरकलो नसतो, हे निश्चित.

आणखी एक बाब लिहिणे आवश्यक वाटते. सातबारावर वारसनोंद करण्यासाठी तलाठी कार्यालयात अर्ज द्यायचा होता. त्याच वेळी घरातल्या काही ज्येष्ठांनी बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेण्याचा विषय काढला. बहीण रडून थकलेली होती, तिने लगेच सही केली असती. माझ्या मित्रांपैकी एक वकिलांकडे कारकून आहे. त्याने सर्वांसमोर स्पष्ट सांगितले की आधी सगळ्या वारसांची नावे लागू द्या, कारण २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला आहे, आणि त्या वर्षी वडील हयात असायला हवेत अशी अट नसल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. पुढे काय करायचे ते बहिणीने वर्षभरानंतर शांतपणे ठरवावे, असे त्याचे म्हणणे होते. बहिणीचे नाव लागले. आज ती माहेरी येते तेव्हा उंबऱ्यावर अवघडत नाही. मित्राने ते बोलण्याचे धाडस केले नसते, तर वडिलांबरोबर बहीणही तुटली असती.

दूरदेशी (न्यू जर्सी)

माझे वडील ठाण्यात गेले तेव्हा मी इथे होतो आणि विमानाने पोहोचेपर्यंत थांबणे शक्य नव्हते. आईची तब्येत पाहता तिला एक रात्र अधिक त्या अवस्थेत बसवून ठेवू नये, असे मीच सांगितले. खांदा माझ्या शाळेतल्या मित्रांनी दिला. परदेशात राहणाऱ्या अनेकांच्या नशिबी हे येते आणि त्याबद्दल फार कमी लिहिले जाते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

माझ्या मित्राने स्मशानातून फोन केला आणि दृश्य सुरू करण्यापूर्वी विचारले, "दाखवू का? नको असेल तर नुसता चालू ठेवतो, आवाज ऐक." त्याने ते विचारले याचे मोल मी सांगू शकत नाही. इतर दोन-तीन नातेवाइकांनी न विचारता छायाचित्रे पाठवली होती आणि ती मी आजतागायत उघडलेली नाहीत. मी आवाज ऐकत राहिलो. मंत्र झाले, मडके फुटल्याचा आवाज आला आणि मग बराच वेळ कोणीच बोलले नाही. तरीही त्याने फोन बंद केला नाही.

मी पोहोचलो तेव्हा रक्षा घाटावरच्या खोलीत ठेवलेली होती. तीन मित्र रजा काढून माझ्याबरोबर नाशिकला रामकुंडावर आले. परतीच्या वाटेवर मी कसाऱ्याच्या घाटात गाडी थांबवायला सांगितली आणि तिथे प्रथमच रडलो. त्यांपैकी कोणीही पाठीवर हात फिरवून "पुरे आता" म्हटले नाही.

इथे परतल्यावरचे दिवस अधिक कठीण होते. वडील कधी इथे आलेच नव्हते, त्यामुळे या घरात त्यांची कोणतीही जागा रिकामी झाली नव्हती. सगळे पूर्वीसारखेच दिसत होते, आणि त्यानेच जीव घाबरा होत असे. इथल्या मराठी मंडळातल्या मित्रांनी पाळीपाळीने रात्रीचे डबे दिले, हे तर खरेच. पण एका मित्राने वडिलांची तसबीर मागून घेऊन ती मोठी करून, चौकटीत बसवून आणली आणि भिंतीवर स्वतः खिळा ठोकून लावली. तेव्हापासून त्यांच्या जाण्याला या घरात जागा मिळाली.

खिडकीपलीकडे (पुणे)

मी राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी करतो. वडील गेल्यानंतर कागद घेऊन आलेली मुले-मुली मी रोज पाहतो, म्हणून मित्रमंडळींना उपयोगी पडेल एवढेच लिहितो. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करून घ्यावी. त्यानंतर विलंब शुल्क लागते, एक महिन्यानंतर अधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत प्रकरण जाते. मृत्यूचे दाखले एकदमच भरपूर प्रतींमध्ये घ्यावेत आणि नावाचे स्पेलिंग आधार कार्डाशी तिथेच, खिडकीवर उभे असतानाच ताडून पाहावे. वडिलांचा मोबाइल क्रमांक घाईने बंद करू नये, कारण अनेक ठिकाणी ओटीपी त्याच क्रमांकावर येतात. त्यांचे एटीएम कार्ड मात्र मृत्यूनंतर वापरू नये, मग हेतू कितीही चांगला असो.

नामनिर्देशन असेल तर सर्व कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत बँकेने रक्कम द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. नामनिर्देशित व्यक्ती ती रक्कम वारसांच्या वतीने स्वीकारते, ती तिची एकटीची मालकी होत नाही, हेही घरातल्यांना वेळीच समजावून सांगितलेले बरे. धागाकर्त्या ताईंचे वडील एस. टी. मध्ये होते, म्हणजे १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतून त्यांच्या आईंना पतीच्या निवृत्तिवेतनाच्या निम्मी रक्कम मिळायला हवी. रक्कम लहान असते, पण ती आईच्या स्वतःच्या नावावर येते.

याच्याशी मैत्रीचा संबंध असा की आमच्या खिडकीवर मुलगा किंवा मुलगी एकटी आली, तर "मृत" हा शब्द अर्जावर लिहिताना हात थांबतो आणि ती माणसे अर्ज अर्धवट टाकून निघून जातात. सोबत मित्र असेल तर तो अर्ज स्वतःकडे ओढून घेतो आणि फक्त सहीपुरता परत सरकवतो. हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की कोणी मदत कशी करू असे विचारले, तर मी हेच सांगतो.

पैलतीर

इथे सगळ्यांच्या वडिलांविषयी वाचताना लिहावे की नाही, असा विचार करत होते. माझे वडील दारू पीत आणि माझे त्यांच्याशी कित्येक वर्षे जेमतेम बोलणे होते. ते गेल्यावर भेटायला येणारा प्रत्येक जण "देवमाणूस होता" म्हणत असे आणि मला त्या वाक्याचा इतका राग येई की मी स्वयंपाकघरात जाऊन बसत असे. रडू येत होते, पण ते कशासाठी, हे मला कळत नव्हते.

माझ्या मित्राने तेवढे एक केले. त्याने वडिलांना देवमाणूस म्हटले नाही आणि वाईटही म्हटले नाही. कार्य झाल्यावर त्याने विचारले, "त्यांची उधारी कुठं कुठं असेल? चल, मिटवून येऊ." आम्ही दोघे कोपऱ्यावरच्या पानटपरीवर आणि किराणा दुकानात गेलो. टपरीवाल्या काकांनी वही काढली. प्रत्येक नोंदीपुढे वडिलांची सही होती. दहावीपर्यंत माझ्या प्रगतिपुस्तकांवर होती तीच, शेवटच्या अक्षराला लांब ओढलेली रेघ असलेली. मी तिथेच बाकड्यावर बसून रडले. मित्राने पैसे दिले, पान फाडून घेतले आणि माझ्या पर्समध्ये ठेवले. ज्यांचे वडिलांशी पटत नव्हते, त्यांच्याही दुःखाला कोणीतरी सोबत लागते. गेलेल्या माणसाविषयी चांगले बोलण्याचा आग्रह धरला की आमच्यासारख्यांना बोलायला जागाच राहत नाही.

साधा वाचक (वय सत्तरीच्या पुढे)

पैलतीर ताई, आपण लिहिलेत हे फार चांगले केले.

मूळ लेखातील एका मुद्द्याला थोडी भर घालतो. तेराव्यानंतरचे आपल्या रीतींत काहीच नव्हते, असे पूर्णपणे म्हणता येणार नाही. दुखवटा काढण्याची पद्धत त्यासाठीच होती. कार्यानंतर एकेका नातेवाइकाने शोकाकुल कुटुंबाला आपल्या घरी बोलवायचे, गोड खायला घालायचे, टोपी-टॉवेल, साडी द्यायची, जेणेकरून ती माणसे घराबाहेर पडतील आणि तोंड गोड करायला कोणीतरी त्यांना भाग पाडेल. महिन्याच्या महिन्याला मासिक श्राद्ध होते, भाद्रपदात पितृपंधरवडा होता, वर्षाने वर्षश्राद्ध होते. म्हणजे वर्षभर ठरावीक अंतराने चार माणसे घरात येतील, अशी व्यवस्था त्यात होती. माझे वडील गेले तेव्हा आमच्या वाड्यात भाऊबंदांची तीन बिऱ्हाडे होती आणि आईला एकटे बसायला कोणी वेळच दिला नाही.

आता वाडे गेले, कुटुंबे लहान झाली, एकुलती एक मुले आहेत. त्यामुळे जे काम भाऊबंद करत ते मित्रांवर आले आहे, आणि मित्र ते मनापासून करत आहेत हे वाचून समाधान वाटते. फक्त नातेवाइकांना केवळ रीत सांगणारी माणसे समजू नये, एवढेच माझे म्हणणे. अखेर आईच्या मनगटावर हात ठेवला तो आत्यानेच.

चिंचेची सावली

काका, आपण दुखवट्याविषयी लिहिलेत ते मोलाचे आहे. आमच्याकडे आता तो लिफाफ्यावर आणि टॉवेलवर उरकला जातो, घरी नेऊन जेवू घालण्याचा भाग मागे पडला आहे, आणि तोच तर त्यातला गाभा होता. आत्याच्या बाबतीत आपण म्हणता ते शंभर टक्के खरे आहे. मैत्रीण बोलली, पण ते वाक्य घरच्याच माणसाच्या तोंडून आले म्हणून टिकले.

खिडकीपलीकडे यांनी सांगितलेले निवृत्तिवेतन आईला सुरू झाले आहे. पहिली रक्कम जमा झाली तेव्हा तिने त्यातून वडिलांच्या मित्रांसाठी श्रीखंड आणले.

सोनचाफा (समुपदेशक)

धाग्यातले बरेचसे अनुभव अभ्यासकांच्या निरीक्षणाशी जुळतात. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या नेदरलँड्समधील संशोधकांनी १९९९ मध्ये असे मांडले की शोकात असलेला माणूस दोन बाजूंमध्ये ये-जा करत असतो. एका बाजूला गेलेल्या माणसाची ओढ, आठवणी, रडणे, आणि दुसऱ्या बाजूला बँक, पेरणी, दळण, नोकरी. ही ये-जाच निरोगी असते. कोणत्याही एका बाजूला सतत राहण्याचा आग्रह मित्रांनी धरू नये. जो हसतो आहे त्याला "विसरलास का" म्हणू नये आणि जो रडतो आहे त्याला कामाला जुंपू नये. माळरान यांच्या मित्रांनी पेरणी केली आणि ते बांधावरही बसले. दोन्ही केले, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

तथापि मित्रांच्या आवाक्यापलीकडची स्थितीही असते, ती ओळखता यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या शोकाची स्वतंत्र नोंद आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ, आणि आपल्या समाजात स्वाभाविक मानले जाते त्याहून स्पष्टपणे अधिक, माणूस त्या ओढीतून बाहेरच येत नसेल, त्याचे रोजचे व्यवहार ठप्प झाले असतील, तर तज्ज्ञांकडे जाणे आवश्यक आहे. जगण्यात अर्थ नाही असे बोलणे ऐकू आले, तर मात्र सहा महिने थांबू नये, त्याच दिवशी हालचाल करावी. केंद्र शासनाची टेलिमानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते आणि मराठीतही बोलता येते. फोन मित्राने लावून दिला तरी चालतो.

वाटसरू (पुणे)

धागा वाचत होतो, कारण माझ्या वसतिगृहातल्या मित्राचे वडील चार दिवसांपूर्वी नागपूरला गेले. मला रजा कमी आहे. तेराव्याला जाऊन यावे असे ठरवत होतो, पण इथले वाचून गोंधळलो आहे. आणि गेल्यावर काय बोलावे, हेही मला खरोखर समजत नाही.

दूरदेशी

गेल्यावर त्यांच्याविषयी विचारावे. "काका सकाळी किती वाजता उठायचे?" इतके साधे विचारले तरी तो बोलू लागेल. त्याला बोलायचे नसेल तर तो तसे सांगेल, त्याचे वाईट वाटून घेऊ नये.

पैलतीर

आणि वडिलांबद्दलचे मत त्याचे त्याला ठरवू द्यावे.

चिंचेची सावली

रजा एकदाच मिळणार असेल तर माझे मत असे की तेराव्याला न जाता त्यानंतरच्या शनिवारी-रविवारी जावे. तेराव्याला त्याच्याकडे शंभर माणसे असतील आणि त्याला आपल्याशी दोन शब्दही बोलता येणार नाहीत. मात्र आत्ता लगेच त्याला कळवावे की अमुक तारखेला येतो आहे, म्हणजे त्याला पुढची एक तारीख दिसत राहील. निघताना त्याच्या आईंना विचारून घ्यावे की कोणते कागद राहिले आहेत, आणि सोमवारी सुट्टी काढता आली तर त्याच्याबरोबर त्यांपैकी एका तरी कार्यालयात जाऊन यावे.

वाटसरू

आत्ताच त्याच्याशी बोलणे झाले. तेराव्यानंतरच्या शुक्रवारी रात्री निघतो आणि सोमवारी थांबतो, असे त्याला सांगितले आहे. मृत्यूचा दाखला अजून घेतलेला नाही, नोंद रुग्णालयाने केली की नाही हेही त्याला माहीत नव्हते. उद्या तिथल्या आमच्या दुसऱ्या एका मित्राला महापालिकेच्या कार्यालयात चौकशीला पाठवतो आहे. सर्वांचे आभार.